ओळखपत्रावरचा रक्तगट आणि आई-वडिलांकडून आलेला रक्तगट

पिंपरी, चिंचवड, भोसरी आणि चाकण या औद्योगिक पट्ट्यात रक्तगट हा दवाखान्याच्या फायलीत पडून राहणारा तपशील नाही. कंपनीच्या ओळखपत्रावर, कंत्राटी कामगाराच्या गेटपासवर, मुलांच्या शाळेच्या प्रवेशअर्जात, वाहन चालवण्याच्या परवान्यावर आणि वधू-वर सूचक मंडळाकडे दिलेल्या बायोडेटातही तो लिहिलेला असतो. एकाच घरातली अशी चार-पाच कागदपत्रे कधीतरी शेजारी-शेजारी येतात, आई-वडिलांच्या आणि मुलाच्या रक्तगटांचा मेळ बसत नाही असे कोणाच्या तरी लक्षात येते, आणि मग प्रसूतिगृहात बाळाची अदलाबदल झाली इथपासून ते बोलू नये अशा संशयापर्यंत नाही नाही ते तर्क सुरू होतात. यांपैकी बहुतेक शंका आनुवंशिकतेचा नियम नीट माहीत नसल्यामुळे येतात. काहींच्या मुळाशी कागदावरची चुकीची नोंद असते. आणि अगदी थोड्या प्रसंगी निसर्गाने खरोखरच अपवाद केलेला असतो. या तिन्हींचा उलगडा एकाच गोष्टीने होतो: ओळखपत्रावर छापलेला रक्तगट हे बाहेर दिसणारे लक्षण आहे, तर मुलाकडे जाते ते लक्षण नव्हे, त्यामागचे जनुक.

तांबड्या रक्तपेशीच्या पृष्ठभागावर शर्करेच्या रेणूंच्या आखूड साखळ्या असतात आणि त्यांतील एका मूळ साखळीला एच प्रतिजन असे म्हणतात. प्रतिजन म्हणजे असा पदार्थ की जो परक्या शरीरात गेल्यास त्याच्याविरुद्ध प्रतिपिंडे, म्हणजे त्याला चिकटून त्याचा बंदोबस्त करणारी प्रथिने, तयार होऊ शकतात. नवव्या क्रमांकाच्या गुणसूत्रावरचे एक जनुक या एच साखळीच्या टोकाला आणखी एक शर्करा जोडणारे विकर तयार करते. हे जनुक ए स्वरूपाचे असेल तर एक प्रकारची शर्करा जोडली जाते आणि पेशीवर ए प्रतिजन दिसते. बी स्वरूपाचे असेल तर दुसऱ्या प्रकारची जोडली जाऊन बी प्रतिजन दिसते. आणि ओ स्वरूपाचे असेल तर निर्माण होणारे विकर निकामी असल्याने काहीच जोडले जात नाही, एच साखळी होती तशीच उघडी राहते. १९९० मध्ये यामामोतो आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी या जनुकाचा क्रम उलगडला, तेव्हा असे आढळले की सर्वाधिक आढळणाऱ्या ओ रूपात जनुकाच्या हजाराहून अधिक अक्षरांपैकी केवळ एक अक्षर गळालेले असते आणि त्यामुळे पुढचा सगळा मजकूर अर्थहीन होतो. म्हणजे ओ हा वेगळा पदार्थ नसून पदार्थाचा अभाव आहे, आणि रक्तगटाच्या आनुवंशिकतेतील बहुतेक कोडी या एका अभावामुळे पडतात.

एकाच जनुकाच्या अशा पर्यायी रूपांना ॲलील म्हणतात. प्रत्येक व्यक्तीकडे या जनुकाच्या दोनच प्रती असतात, एक आईकडून आणि एक वडिलांकडून आलेली. पण समाजात मात्र ए, बी आणि ओ अशी तीन ॲलील वावरत असतात, म्हणून या प्रकाराला बहुविकल्पी आनुवंशिकता म्हणतात. हे ‘बहु’ समाजाला लागू आहे, व्यक्तीला नाही, आणि शालेय पातळीवरचा सर्वात मोठा गोंधळ नेमका येथे होतो. तीन ॲलीलांतून दोन-दोन घेतल्यास सहा जोड्या होतात: एए, एओ, बीबी, बीओ, एबी आणि ओओ. ए आणि बी ही दोन्ही ॲलील ओवर प्रभावी आहेत, म्हणजे त्यांच्यासोबत ओ असला तरी तो झाकला जातो; ए आणि बी एकत्र आल्यास मात्र कोणी कोणाला झाकत नाही, दोघेही आपापले प्रतिजन दाखवतात, आणि याला सहप्रभाविता म्हणतात. त्यामुळे सहा जोड्यांतून बाहेर दिसणारे गट चारच उरतात. ओळखपत्रावर ‘ए’ लिहिले असेल तर ती व्यक्ती एए आहे की एओ हे त्या अक्षरावरून कळत नाही, आणि नेहमीच्या रक्तगट चाचणीतही ते कळत नाही.

हा नियम प्रयोगशाळेतल्या रसायनांपेक्षा आधी आकडेमोडीतून सिद्ध झाला, आणि त्या आकडेमोडीला भारतीय माणसांच्या रक्ताचाही हातभार लागला आहे. व्हिएन्ना येथे कार्ल लँडस्टायनर यांनी १९०१ मध्ये रक्तगटांचा शोध प्रसिद्ध केला. १९१० मध्ये फॉन डुंगर्न आणि लुडविक हिर्शफेल्ड यांनी रक्तगट आनुवंशिक असल्याचे दाखवले, परंतु त्यांची समजूत अशी होती की ए आणि बी यांची दोन स्वतंत्र जनुके आहेत. पहिल्या महायुद्धात लुडविक आणि हान्ना हिर्शफेल्ड या डॉक्टर दांपत्याने सलोनिका येथील आघाडीवर निरनिराळ्या देशांच्या सैनिकांचे रक्तगट तपासले आणि १९१९ मध्ये ते आकडे प्रसिद्ध केले. त्यांतील भारतीय सैनिकांमध्ये ए १९ टक्के, बी ४१.२ टक्के, एबी ८.५ टक्के आणि ओ ३१.३ टक्के असे प्रमाण होते. दोन स्वतंत्र जनुकांची कल्पना खरी असती तर ए प्रतिजन असलेल्यांचे एकूण प्रमाण, म्हणजे २७.५ टक्के, आणि बी प्रतिजन असलेल्यांचे एकूण प्रमाण, म्हणजे ४९.७ टक्के, यांच्या गुणाकाराइतके, म्हणजे साधारण १३.७ टक्के लोक एबी गटाचे निघायला हवे होते. प्रत्यक्षात ते साडेआठ टक्केच होते. याच धर्तीच्या विसंगतीवरून १९२४ मध्ये गॉटिंगनचे गणिती फेलिक्स बेर्नश्टाइन यांनी एकच जनुक आणि त्याची तीन ॲलील असा उलगडा मांडला. त्यांच्या रीतीने वरच्याच आकड्यांतून तिन्ही ॲलीलांचे प्रमाण काढले तर ओ सुमारे ५६ टक्के, बी सुमारे २९ टक्के आणि ए सुमारे १५ टक्के येते, आणि त्यावरून एबी गटाचा अंदाज ८.६ टक्के निघतो. रक्ताच्या थेंबाला हातही न लावता एका गणित्याने रक्तगटाचा वाद मिटवला, याचे वैद्यकशास्त्राच्या इतिहासात पुरेसे कौतुक होत नाही.

या आकडेमोडीचा घरगुती उपयोग मोठा आहे. वरील प्रमाण धरले तर ए गटाच्या १०० व्यक्तींपैकी सुमारे ८८ जणांकडे आणि बी गटाच्या १०० पैकी सुमारे ७९ जणांकडे झाकलेला ओ असतो. म्हणजे ए गटाच्या माणसाने स्वतःला एओ समजूनच विचार करणे जवळजवळ नेहमी बरोबर ठरते. पती आणि पत्नी दोघेही ए गटाचे असतील तर अशा जोडप्यांच्या पाच अपत्यांमागे जवळपास एक ओ गटाचे निघणे अपेक्षित आहे, आणि दोघेही बी असतील तर सहांमागे एक. ‘आम्ही दोघे बी पॉझिटिव्ह, मग मुलगा ओ कसा?’ हा प्रश्न त्यामुळे कोड्यात टाकणारा उरत नाही. पती एओ आणि पत्नी बीओ असेल तर पतीकडून ए किंवा ओ येणार, पत्नीकडून बी किंवा ओ येणार, आणि त्यांच्या चार संभाव्य मेळांतून एबी, ए, बी आणि ओ असे चारही गट निघू शकतात. सख्ख्या चार भावंडांचे चार रक्तगट असणे हे म्हणूनच पूर्णपणे नियमात बसते. अर्थात प्रत्येक अपत्याच्या वेळी हा मेळ नव्याने घातला जातो, त्यामुळे पहिली तीन मुले ओ झाली म्हणून चौथे ओ होणार नाही असे नाही.

नियमात न बसणाऱ्या गोष्टी मोजक्याच आहेत आणि त्या लक्षात ठेवण्यास सोप्या आहेत. आई-वडील दोघेही ओ असतील तर मूल ओच असायला हवे. आई-वडिलांपैकी एक जरी एबी असेल तर मूल ओ असू नये, कारण एबी व्यक्तीकडे द्यायला ओ नसतोच. आई-वडिलांपैकी एक जरी ओ असेल तर मूल एबी असू नये, कारण त्याला ए आणि बी दोन्ही एकाच पालकाकडून मिळाले असे मानावे लागेल. शिवाय जे प्रतिजन दोन्ही पालकांत नाही ते मुलात उगवू नये. या मर्यादेबाहेरचे काही कागदावर दिसले, तरच पुढची चौकशी करावी.

ती चौकशीही क्रमाने करावी आणि पहिला संशय माणसावर नव्हे, कागदावर घ्यावा. कारखान्यातली नोंद पुष्कळदा कामगाराने तोंडी सांगितलेल्या गटावरून झालेली असते, किंवा जुन्या कंपनीच्या ओळखपत्रावरून उतरवलेली असते, आणि एकदा चुकलेला गट नोकरीमागून नोकरी तसाच पुढे जातो. आरोग्य तपासणीच्या शिबिरात काचपट्टीवर रक्ताचा थेंब आणि अभिकर्मक मिसळून झटपट केलेली चाचणी प्राथमिक माहितीपुरती ठीक असते, पण क्षीण प्रतिजन तिच्यात निसटू शकते आणि गर्दीत नावांची अदलाबदलही होते. म्हणून मेळ न बसणाऱ्या कुटुंबातील तिघांनीही परवानाधारक रक्तपेढीत किंवा मान्यताप्राप्त प्रयोगशाळेत जाऊन, पिंपरीच्या यशवंतराव चव्हाण स्मृती रुग्णालयासारख्या ठिकाणी रक्तपेढी हाताशी असताना तेथे विचारणा करून, नव्याने तपासणी करून घ्यावी आणि तपासणी दोन्ही बाजूंनी व्हावी असे स्पष्ट सांगावे. दोन्ही बाजूंनी म्हणजे असे की पेशींवर कोणते प्रतिजन आहे हे पाहायचे आणि रक्तद्रवात कोणती प्रतिपिंडे आहेत हेही पाहायचे. ए गटाच्या माणसाच्या रक्तद्रवात बीविरोधी प्रतिपिंडे असतात, बी गटात एविरोधी, ओ गटात दोन्ही आणि एबी गटात एकही नाही. पेशींचे उत्तर आणि रक्तद्रवाचे उत्तर एकमेकांशी जुळले तरच गट पक्का झाला असे समजावे.

नवजात बाळाच्या बाबतीत ही दुहेरी पडताळणी शक्य नसते, कारण बाळाची स्वतःची प्रतिपिंडे पहिले काही महिने तयारच झालेली नसतात आणि पेशींवरची प्रतिजनेही जन्मतः क्षीण असतात. प्रसूतिगृहाच्या कागदावरचा गट म्हणूनच अंतिम मानू नये. शाळेत घालण्याच्या सुमारास तो पुन्हा तपासून घेतलेला बरा. अस्थिमज्जा प्रत्यारोपण झालेल्या व्यक्तीचा गट दात्याप्रमाणे बदलू शकतो, हेही अशा वेळी विचारून घ्यावे. ए प्रतिजनाचे काही उपप्रकार इतके क्षीण असतात की ती व्यक्ती साध्या चाचणीत ओ भासते. आणि ए व बी ही दोन्ही कामे करणारे एकच विकर बनवणारे ॲलील, ज्याला सिस-एबी म्हणतात, ते असल्यास एबी आणि ओ पालकांना एबी किंवा ओ मूल होऊ शकते. मात्र हा प्रकार अत्यंत विरळा आहे.

रक्तगटावरून पितृत्व सिद्ध होत नाही, फार तर नाकारता येते, आणि वरील अपवादांमुळे तो नकारही डीएनए चाचणीशिवाय शेवटचा मानत नाहीत. न्यायालयांनीही या बाबतीत हात आखडता ठेवला आहे. गौतम कुंडू विरुद्ध पश्चिम बंगाल राज्य या १९९३ च्या निकालात सर्वोच्च न्यायालयाने म्हटले की मागितली म्हणून रक्ताची चाचणी सरसकट करवता येणार नाही. आणि वैवाहिक संबंध चालू असताना जन्मलेले मूल त्या पतीचेच मानण्याचे जे गृहीतक १८७२ च्या पुरावा अधिनियमाच्या कलम ११२ मध्ये होते, ते आता भारतीय साक्ष्य अधिनियमाच्या कलम ११६ मध्ये कायम आहे. कंपनीच्या कार्डावरच्या अक्षरावरून घर मोडायला निघालेल्याने एवढे तरी लक्षात घ्यावे.

गटाच्या मागे लागणारे ‘पॉझिटिव्ह’ किंवा ‘निगेटिव्ह’ हे आरएच घटकाविषयी, म्हणजे पेशीवर डी प्रतिजन आहे की नाही याविषयी सांगते आणि त्याचे जनुक पहिल्या गुणसूत्रावर, म्हणजे पूर्णपणे वेगळ्या जागी असते. येथे हिशेब साधा आहे: डी प्रतिजन देणारे ॲलील प्रभावी, न देणारे अप्रभावी. भारतात निगेटिव्ह लोक सुमारे पाच टक्के धरले तर पॉझिटिव्ह असलेल्यांपैकी एक तृतीयांशाहून अधिक जणांकडे निगेटिव्हचे ॲलील लपलेले असते, म्हणून दोन पॉझिटिव्ह पालकांना निगेटिव्ह मूल होण्यात नवल काहीच नाही. उलट दोन्ही पालक निगेटिव्ह असताना मूल पॉझिटिव्ह निघाले तर तपासणी पुन्हा करावी.

लग्नाच्या बायोडेटातल्या रकान्याने मात्र लोकांना भलतीकडेच पाहायला लावले आहे. वधू-वरांचा रक्तगट सारखा असला तर संतती सदोष होते, ही समजूत निराधार आहे. एकट्या बी आणि ओ गटांत मिळून भारतातले बहुसंख्य लोक येतात, तेव्हा सारख्या गटांची लग्ने लाखोंनी होतच आली आहेत. खबरदारी घ्यायची ती पत्नी आरएच निगेटिव्ह आणि पती पॉझिटिव्ह असताना, आणि तीही लग्न टाळून नव्हे, तर गरोदरपणात नाव नोंदवताच डॉक्टरांना सांगून. अशा स्त्रीची प्रतिपिंडांसाठीची कूम्ब्स चाचणी करतात, २८ व्या आठवड्याच्या सुमारास आणि बाळ पॉझिटिव्ह असल्यास प्रसूतीनंतर ७२ तासांच्या आत अँटी-डी इंजेक्शन देतात. गर्भपात झाला तरी ते लागते, आणि नेमके हेच पुष्कळदा राहून जाते. पत्रिकेइतके महत्त्व द्यायचेच असेल तर ते थॅलेसेमिया आणि सिकलसेल यांच्या तपासणीला द्यावे. विदर्भातून आणि इतर प्रांतांतून कामासाठी चाकण परिसरात स्थायिक झालेल्या कुटुंबांनी तर ती लग्नापूर्वी जरूर करावी, कारण दोघेही वाहक असल्यास प्रत्येक गरोदरपणात आजारी मूल होण्याची शक्यता चारांत एक असते आणि रक्तगटाच्या रकान्यात याचा मागमूसही नसतो.

राहिला खरा अपवाद, आणि तो महाराष्ट्रातच सापडला. मुंबईत परळच्या शेठ गो. सुं. वैद्यकीय महाविद्यालयातील डॉ. वाय. एम. भेंडे आणि त्यांच्या सहकाऱ्यांना असे रक्त आढळले की जे चाचणीत ओ दिसे, पण ओ गटाच्या रक्ताशीसुद्धा जुळत नसे. रेस आणि सँगर, तसेच मॉर्गन आणि वॉटकिन्स या ब्रिटिश संशोधकांच्या साह्याने त्याची उकल झाली आणि १९५२ मध्ये ‘लॅन्सेट’मध्ये ती प्रसिद्ध झाली, आणि हा रक्तगट आज जगभर ‘बाँबे ब्लड ग्रुप’ या नावाने ओळखला जातो. या व्यक्तींमध्ये मूळ एच साखळी बनवणारे जनुकच दोन्ही प्रतींत निकामी असते, आणि ते जनुक एकोणिसाव्या गुणसूत्रावर, ए-बी-ओच्या जनुकाहून अगदी स्वतंत्र असते. साखळीच नाही म्हटल्यावर ए किंवा बी जोडणारे विकर हजर असूनही त्याला जोडायला जागा उरत नाही. त्यामुळे कागदोपत्री ओ दिसणारी आई प्रत्यक्षात बी ॲलील बाळगून असू शकते, ते मुलाला देऊ शकते, आणि वडील ए गटाचे असल्यास मूल एबी निघू शकते. मुलाला वडिलांकडून एच साखळीचे चांगले जनुक मिळालेले असते, म्हणून आईत झाकलेला बी त्याच्यात उजळ दिसतो.

या गटाचे प्रमाण भारतात साधारण दहा हजारांत एक आणि युरोपात सुमारे दहा लाखांत एक मानले जाते. निकामी जनुकाच्या दोन प्रती एकत्र येण्याची शक्यता नात्यातल्या लग्नांत वाढते; मामाच्या मुलीशी लग्न करण्याची रीत ज्या घराण्यांत चालत आली आहे तेथे ही बाब ध्यानात ठेवावी. अशी व्यक्ती साध्या पेशी-चाचणीत ओ म्हणूनच नोंदली जाते, पण तिच्या रक्तद्रवात एच प्रतिजनाविरुद्ध प्रभावी प्रतिपिंडे असतात, आणि ओ गटाच्या पेशींवर तर एच प्रतिजन भरपूर असते. म्हणून तिला ओ रक्त चढवणे जिवावर बेतू शकते. ही चूक रक्तद्रवाच्या तपासणीत ओ गटाच्या पेशी वापरल्या तर पकडली जाते आणि रक्त देण्याआधी दात्याचे आणि रुग्णाचे रक्त जुळवून पाहतात त्या क्रॉसमॅचमध्येही. नाशिक महामार्गावर अपघात झाला किंवा प्रेस शॉपमध्ये हात सापडला तरी रुग्णालय रुग्णाचा नमुना पुन्हा तपासूनच रक्त देते. कार्डावरच्या अक्षरावर विसंबून रक्त चढवले जात नाही, आणि नातेवाइकांनीही तसा आग्रह धरू नये.

बाँबे गट असल्याचा संशय आल्यास खात्री करून देण्याचे काम परळलाच, केईएम रुग्णालयाच्या आवारातील राष्ट्रीय प्रतिरक्षा-रक्तविज्ञान संस्थेत होते. १९५७ मध्ये रक्तगट संदर्भ केंद्र म्हणून सुरू झालेली ही संस्था दुर्मीळ रक्तगटांच्या दात्यांची नोंदही ठेवते. एका व्यक्तीचा बाँबे गट निश्चित झाला की तिच्या सख्ख्या भावंडांची तपासणी लगोलग करावी, कारण प्रत्येक भावंड त्याच गटाचे असण्याची शक्यता चारांत एक असते आणि अडचणीच्या वेळी तेच जवळचे दाते ठरतात. अशा व्यक्तीने कंपनीच्या वर्धापनदिनाच्या शिबिरात उत्साहाने रक्त देऊन टाकू नये. तांबड्या पेशी ३५ ते ४२ दिवसच टिकतात आणि तेवढ्या अवधीत तो गट लागणारा रुग्ण मिळाला नाही तर पिशवी वाया जाते. पुरुषाला पुढचे ९० दिवस आणि स्त्रीला १२० दिवस पुन्हा रक्त देता येत नाही, तेव्हा आपले नाव दुर्मीळ दात्यांच्या यादीत नोंदवून, भ्रमणध्वनी क्रमांक बदलला तर तो तेथे कळवून, बोलावणे येईल त्या दिवशीच दान करावे.